अक्षर, औषध आणि आपला समाज

(अल हैल, ओमान येथे जमलेल्या कुटुंबांपुढे झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



साक्षरता ह्या विषयावर आपण मला बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम मनात आले की, ह्या दिवाणखान्यात बसलेला एकही माणूस निरक्षर नाही. मग सांगावयाचे कोणाला? आपल्यात अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत, शिक्षिका आहेत. परंतु मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले आहे, आणि त्या कामाने मला एक गोष्ट शिकवली : वाचता येणे ही अंगाला एकदा लागली की कायमची राहणारी गोष्ट नव्हे. ती देशागणिक, लिपीगणिक आणि वयागणिक कमीजास्त होते. मुंबईत रोज वर्तमानपत्र वाचणारी आजी येथे अल हैलमध्ये मुलाकडे राहावयास आली की दारावरची पाटी, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर आणि दुकानातील पावती ह्यांपुढे निम्मी निरक्षर होते. म्हणून हा विषय परक्यांचा नाही, आपलाच आहे.

आधी शब्दाचा अर्थ नीट पाहू. भारताच्या जनगणनेत सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते, ती साक्षर मानली जाते. ह्या व्याख्येतील महत्त्वाचा शब्द ‘समजून’ हा आहे. केवळ सही गिरवता येणे म्हणजे साक्षरता नव्हे. माझ्या मते तिला तीन पायऱ्या आहेत. पहिली, अक्षर ओळखणे. दुसरी, मजकुराचा अर्थ लागणे. तिसरी, त्या अर्थानुसार योग्य कृती करता येणे. शाळा बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर परीक्षा घेते. जीवन तिसऱ्या पायरीवर घेते.

आता रुग्णालयातील उदाहरणे सांगते, कारण ती मला सर्वांत जवळची आहेत.

अतिसाराने क्षीण झालेल्या बाळासाठी ओआरएसची पुडी देतात. पुडीवर लिहिलेले असते की ती एक लिटर पाण्यात विरघळवावी. आईला हे वाचता आले नाही, आणि तिने सगळी पुडी एका पेल्यात ढवळली, तर ते पाणी इतके खारट होते की बाळाला लाभ होण्याऐवजी अपाय होतो. उलट एकच पुडी मोठ्या भांडेभर पाण्यात घातली, तर तिचा उपयोग उरत नाही. पुडी तीच, आई तितकीच मायाळू. भेद एका ओळीचा. लहान पुड्याही मिळतात, त्यांना कमी पाणी लागते. म्हणजे शेजारणीने तोंडी सांगितलेले प्रमाणही प्रत्येक पुडीला लागू पडेलच असे नाही. वाचावेच लागते.

दुसरे उदाहरण तापाच्या औषधाचे. तान्ह्या मुलांसाठी पॅरासिटामॉलचे थेंब मिळतात, त्यांत बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. मोठ्या मुलांच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम असते. नाव एक, चव सारखी, पण थेंबांचे औषध पुष्कळ तीव्र. चमचाभर म्हणजे चमचाभर, असे समजून थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलिटर दिले, तर मुलाला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या गोळीइतके औषध जाते. शिवाय स्वयंपाकघरातील चमचा पाच मिलिलिटरचा असतोच असे नाही. म्हणून बाटलीसोबत आलेले माप टाकून देऊ नये.

तिसरे उदाहरण खास आपल्यासारख्या दोन देशांत वावरणाऱ्यांसाठी. भारतातून येताना आपण क्रोसिन आणतो. येथे औषधाच्या दुकानात पॅनाडॉल मिळते. दोन्हींतील औषध एकच, पॅरासिटामॉल. अंग दुखते म्हणून आजोबांनी एक घेतली आणि ताप वाटतो म्हणून दुसरी घेतली, असे दिवसभर चालले तर मात्रा दुप्पट होते. निरोगी मोठ्या माणसानेही चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही मर्यादा ओलांडावयाची नसते. यकृताला इजा होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत व्यापारी नाव असते आणि खाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव. खरी साक्षरता त्या बारीक ओळीत आहे. आज घरी गेल्यावर एवढे एकच करा : औषधांचा डबा उघडा आणि बारीक नावे जुळवून पाहा.

ज्यांना मुळीच वाचता येत नाही, ते काय करतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. ते रंगावर विसंबतात. गुलाबी गोळी रक्तदाबाची, पिवळी साखरेची. ही युक्ती वाईट नाही. आम्ही परिचारिकाही पुडीवर सूर्य आणि चंद्र काढून सकाळ-रात्र समजावून देत असू. पण दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की रंग बदलतो, आणि माणूस अंधारात सापडतो. रंग स्मरणात राहतो, पण तो बोलत नाही; अक्षर बोलते.

आणखी एक गोष्ट. निरक्षर माणूस आपले निरक्षरपण लपवतो. “चष्मा घरी राहिला,” “हात दुखतो, तुम्हीच भरा,” “घरी जाऊन निवांत वाचीन,” ही वाक्ये मी इतक्यांदा ऐकली आहेत की त्यांचा खरा अर्थ मला तत्काळ कळे. त्याला चारचौघांत “वाचता येते का?” असे विचारू नये. त्याऐवजी औषध समजावून झाल्यावर म्हणावे, “मी नीट सांगितले की नाही, ते मला पाहू द्या, आता तुम्ही सांगा, घरी कसे घ्याल?” ह्यात परीक्षा सांगणाऱ्याची होते, ऐकणाऱ्याची लाज राखली जाते आणि चूक असेल तर ती घरी नव्हे, तेथेच सापडते. घरातील वृद्धांशी बोलतानाही हीच रीत ठेवावी.

आता आपण राहतो त्या ह्या अल हैलकडे वळू. येथे पाट्या अरबीत आणि इंग्रजीत असतात. मराठी माणसाला तीन अंकपद्धतींशी व्यवहार करावा लागतो, आणि त्या परस्परांना फसव्या आहेत. आपला देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. अरबीत पाचाचा आकडा वाटोळा असतो, आपल्याला तो शून्य वाटतो. खरे शून्य म्हणजे केवळ एक ठिपका. अरबी सहा हा इंग्रजी साताची आठवण करून देतो. ह्या गोंधळात औषधाची मुदत, रस्त्याचा क्रमांक किंवा बिलाची रक्कम वाचताना चूक होणे अगदी स्वाभाविक आहे. अरबी अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात. आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचतात. भारतातील डॉक्टर ‘१–०–०’ असे लिहितात. त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. उजवीकडून वाचण्याची सवय असलेल्या सेवकाने किंवा शेजाऱ्याने ते रात्रीची गोळी म्हणून वाचले, तर त्यास दोष देता येईल काय? म्हणून अशा चिठ्ठीखाली शब्दांत ‘सकाळी’ असे लिहून ठेवावे, आणि घरात जो औषध देतो, त्याच्या भाषेतही लिहावे.

मस्कत परिसरातील पत्ते ‘वे’ क्रमांक आणि इमारत क्रमांक ह्यांवर चालतात, हे आपण जाणता. तरुण मंडळी कामावर गेल्यावर घरी एकटी राहणारी आजी ९९९९ हा आणीबाणीचा क्रमांक फिरवू शकेल, पण पलीकडून “कोठे यावे?” असे विचारले, तर तिला ते दोन क्रमांक सांगता आले पाहिजेत. ते मोठ्या देवनागरी अक्षरांत, उच्चारासह, दूरध्वनीशेजारी भिंतीवर लावावेत. रुग्णवाहिका वेळेवर पोहोचणे हे कित्येकदा अशा एका कागदावर अवलंबून असते.

कामगार बांधवांचा प्रश्नही ह्याच जातीचा आहे. कोकणातून येथे पुष्कळ लोक नोकरीस येतात. कामाचा करार अरबीत असतो. दुसऱ्या भाषेतील प्रत सोबत जोडता येते. आपल्या परिचयातील कोणी करार घेऊन आला, तर सही करण्यापूर्वी पगार, कामाचे तास, रजा आणि परतीचे भाडे ही चार कलमे त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावीत आणि एक प्रत त्याच्याजवळ राहील, हे पाहावे. अंगठा उठवणाऱ्याच्या वतीने वाचणारा माणूस प्रामाणिक असेल, तरच त्या अंगठ्याला काही अर्थ आहे.

साक्षरतेचा लाभ एका माणसापुरता राहत नाही. तो घरभर पसरतो, आणि सर्वांत अधिक तो आईच्या द्वारे पसरतो. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॅल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियातील पाहणीवरून दाखवून दिले की, बालमृत्यू कमी होण्यात आईच्या शिक्षणाचा वाटा फार मोठा असतो. आणि तो केवळ घरच्या सुबत्तेमुळे किंवा जवळच्या दवाखान्यामुळे नव्हे. शिकलेली आई मुलाच्या दुखण्याबाबत स्वतः निर्णय घेते, डॉक्टरांना प्रश्न विचारते, वेळेवर उठून जाते. रुग्णालयात मी हेच पाहिले. शिकलेली आई नेहमीच बरोबर असते असे नाही. पण ती विचारते, आणि विचारणाऱ्या आईचे मूल दुर्लक्षित राहत नाही.

आपल्या समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबई शहरात बाळंतपणात स्त्रिया का दगावतात, ह्याचा त्यांनी पद्धतशीर शोध घेतला. मृत्यूची कारणे शोधावयाची म्हणजे नोंदी हव्यात. नोंदी हव्यात म्हणजे कोणीतरी लिहिले पाहिजे. नोंद न झालेला मृत्यू समाजाला काहीही शिकवत नाही. रुग्णालयात ‘लिहिले नाही, ते केले नाही’ असे आम्ही मानत असू, ते ह्याचसाठी.

आता ह्या यजमान देशाचे उदाहरण पाहा. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा साऱ्या ओमानमध्ये आधुनिक पद्धतीच्या अवघ्या तीन शाळा होत्या, त्यांत सुमारे ९०० विद्यार्थी होते, आणि ते सर्व मुलगे. मुलींसाठी सरकारी शाळा नव्हती. इमारती बांधून होईपर्यंत थांबावयाचे नाही, असे ठरले. तंबूंत आणि झाडांच्या सावलीतही वर्ग भरले. त्याच दशकात प्रौढांसाठीही साक्षरता वर्ग सुरू झाले. १९८६ मध्ये, येथून जवळच अल खौदला, सुलतान काबूस विद्यापीठात अध्यापन सुरू झाले. आज ओमानमधील प्रौढ साक्षरता ९५ टक्क्यांच्या पुढे आहे.

ह्या आकड्यांमागील माणसे मला दिसतात, कारण ती माझ्याच वयाची आहेत. जी ओमानी स्त्री आज सत्तरीत आहे, तिच्या बालपणी तिला शाळाच नव्हती. तिची मुलगी शाळेत गेली आणि नात विद्यापीठात शिकते. तीन पिढ्यांत एवढे अंतर. आपल्या भारतातही १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती, २०११ मध्ये ती सुमारे ७४ टक्क्यांवर पोहोचली. महाराष्ट्रात ती तेव्हा सुमारे ८२ टक्के होती; परंतु पुरुषांत ८८ आणि स्त्रियांत ७६ च्या जवळपास. हे बारा टक्क्यांचे अंतर म्हणजे लाखो आया आणि आज्या आहेत, हे विसरू नये.

आता आपल्या घरचा इतिहास. यहुदी धर्मात लेखनाला जे स्थान आहे, ते आपण जाणता. पहिल्या शतकात यहोशुआ बेन गमला ह्या मुख्य याजकाने गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांची मुले शाळेत घालण्याची व्यवस्था केली, असे तल्मुदात नमूद आहे. एका शिक्षकाकडे पंचवीस मुले असावीत, चाळीस झाल्यास साहाय्यक द्यावा, पन्नास झाल्यास दुसरा शिक्षक नेमावा, इतका बारकावा तेथे आहे. सेफेर तोरामध्ये ३,०४,८०५ अक्षरे मोजली जातात. त्यांतील एक अक्षर चुकले, तर दुरुस्त होईपर्यंत तो ग्रंथ वाचनास चालत नाही. एका दशांशचिन्हाने औषधाची मात्रा दहापट होते, हे जिने पाहिले आहे, तिला ह्या काटेकोरपणाचे मोल अधिक सांगावयास नको.

परंतु कोकणच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत होते, शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जात होते, तेव्हा त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते. मुखी उरले होते ते शेमाचे पहिले वचन. तेच जन्माला, लग्नाला आणि मृत्यूला. ह्या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण एक विचार करावा. शेमाच्या पुढील भागातच आज्ञा आहे की हे शब्द मुलांना शिकवावेत आणि दाराच्या चौकटींवर लिहावेत. पाठांतराने एक वचन टिकले. पुढचा भाग आचरावयास मात्र अक्षर लागले. आज आपल्या प्रत्येक दारावर मेझुझा आहे, तो त्या परत मिळालेल्या अक्षराचा पुरावा आहे.

अक्षर परत कसे मिळाले? १७९६ मध्ये सामुएल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईस शाआर हारहामीम हे आपले पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८२६ मध्ये कोचीनहून यहुदी शिक्षक आले व त्यांनी धर्मविधी आणि हिब्रू शिकवावयास आरंभ केला. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले-मुली शिकू लागली, काही जण तेथे शिक्षकही झाले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. पण आपल्या माणसांनी अक्षर घेतले आणि त्या अक्षराने स्वतःचाच धर्म वाचला. मराठी तनाख वाचून त्यांना आपण कोण, हे अधिक कळले. ख्रिस्ती होणारे अगदी विरळा. साक्षरतेचा हा गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे : देणारा ती एका हेतूने देतो, पण एकदा दिली की तिचा उपयोग काय करावयाचा, हे घेणारा ठरवतो.

मग समाजाने स्वतः लेखणी धरली. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह पेसाहची हग्गादा शिळाप्रेसवर छापली गेली, आणि १८७४ मध्ये पुण्यास दुसरी; तिच्यातील चित्रांत लुगडी नेसलेल्या आपल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ एझिकेल राजपुरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७० च्या दशकात ‘सत्यप्रकाश’ हे आपले मराठी नियतकालिक निघाले. ज्यांना वाचता येत नव्हते, अशा बायाबापड्यांसाठी १८८० च्या सुमारास कीर्तने सुरू झाली, आणि तनाखातील कथा ओवी-आर्येच्या चालीत कानी पडू लागल्या. वाचणाऱ्याने न वाचणाऱ्याला मागे टाकले नाही, हे त्या पिढीचे मोठेपण.

हाईम सामुएल केहीमकर यांनी आपल्या भावांच्या साहाय्याने १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. रेबेका रूबेन १९०५ मध्ये मॅट्रिकला विद्यापीठात पहिल्या आल्या, आणि १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी त्याच शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला तेल अवीवला, १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणीतरी जपले. ते कोणी रद्दीत घातले असते, तर आज आपल्या आजोळाच्या गोष्टी सांगावयास आपल्याजवळ किती उरले असते?

येथे मी मुख्य मुद्द्याकडे येते. मिळवलेले अक्षर पुन्हा गमावता येते. ह्याचा दाखला आपल्या घरांतच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी व्यवहारात मोडी लिपी चालत असे. जमिनीचे कागद, हिशेब, पत्रे मोडीत असत. आज पेटीच्या तळाशी असा कागद सापडला, तर भाषा आपलीच, पणजोबाही आपलेच, पण आपल्याला एक ओळ लागत नाही. पैसे देऊन जाणकार शोधावा लागतो. ही लिपी कोणी हिसकावून नेली नाही. एका पिढीने शिकवली नाही, एवढेच झाले.

देवनागरीचे तसेच होऊ लागले आहे. येथील आपली मुले घरी मराठी बोलतात. इस्राएलमधील आपली नातवंडेही काही प्रमाणात समजतात. पण त्यांतील किती जणांना मराठी वाचता येते? ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी राजपुरकरांच्या प्रार्थना मुक्या झाल्या. आजीने तनाखाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मुक्या झाल्या. इस्राएलमध्ये आपल्या लोकांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले, ते कोण वाचणार, हा प्रश्न उभा राहिला. आपल्या घरांत कोणत्या कुटुंबात कोणता आजार वारंवार आला, कोण कोणत्या औषधाने अत्यवस्थ झाले, हेही अशाच वह्यांत लिहिलेले असते. परिचारिका म्हणून मला ती पाने प्रार्थनेच्या पानांइतकीच मोलाची वाटतात.

हिब्रूविषयीही थोडे सांगते. आपल्यापैकी पुष्कळ जण तेफिला देवनागरीत लिहिलेल्या हिब्रूतून म्हणतात. त्यात उणे काही नाही. त्या देवनागरीमुळेच कित्येकांना प्रार्थनेत भाग घेता आला. पण देवनागरीत ‘हे’ आणि ‘हेत’ ही दोन्ही अक्षरे ‘ह’ होतात, ‘आलेफ’ आणि ‘आयिन’ ह्यांतला भेद मिटतो. ती काठी आहे, पाय नव्हेत. येथे अरबी शाळेत शिकणाऱ्या किंवा पाट्या वाचणाऱ्या मुलांना एक सोय आहे. आलेफ आणि अलिफ, बेत आणि बा, दालेत आणि दाल ह्या सख्ख्या बहिणी आहेत. उजवीकडून वाचण्याची सवय त्यांना आधीच लागते. अल हैलमधील मुलाला हिब्रू शिकणे मुंबईच्या मुलापेक्षा सोपे जावे.

आता उशीर झाला, असे कोणी म्हणेल. मग महाराष्ट्राकडे पाहा. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातील शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवावयाचे आणि सारे गाव साक्षर झाले की त्याचा सोहळा करावयाचा, अशी तिची रीत होती; पुढे ती राज्यभर पसरली. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. त्या वयात सही करावयास शिकलेल्या बाईच्या चेहऱ्यावरील भाव मी आमच्या प्रभागातही पाहिला आहे. संमतिपत्रावर अंगठ्याऐवजी स्वतःचे नाव लिहिताना तिला शस्त्रक्रियेचे भय क्षणभर विसरावयास झाले होते.

म्हणून चार सूचना करते. त्या मोठ्या नाहीत. मोठ्या सूचना टाळ्या घेतात आणि विरून जातात.

पहिली, प्रत्येक घरात औषधांची एक वही ठेवावी : मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, आणि कोणते औषध सोसत नाही. देवनागरीत आणि इंग्रजीत. ती भरण्याचे काम नातवंडांकडे द्यावे. त्यांची देवनागरी घटवली जाईल आणि आजोबांच्या गोळ्यांकडे घरातील आणखी एका माणसाचे लक्ष राहील.

दुसरी, शब्बाथच्या आदल्या दिवशी अर्धा तास मुलाने मराठीत एक पान मोठ्याने वाचावे आणि वाचल्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. अर्थ सांगणे सोडू नये. मघा म्हटलेली दुसरी पायरी तेथेच आहे.

तिसरी, जुन्या नोंदी, पत्रे, तनाखाची पहिली पाने ह्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि ज्यांना ती वाचता येतात, अशा वृद्धांच्या तोंडून ती वाचून, आवाज मुद्रित करून ठेवावी. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. सत्तरी ओलांडलेली बाई हे आपणास सांगत आहे.

चौथी, आपल्या घरी काम करणारी बाई, गाडी चालवणारा गृहस्थ, इमारतीचा पहारेकरी, ह्यांपैकी कोणाला वाचता येत नसेल, तर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे द्यावीत. प्रथम त्यांचे नाव, मग दूरध्वनी क्रमांक, मग औषधाच्या पाकिटावरील मुदत. अक्षर आपल्याला कोचीनच्या शिक्षकांनी दिले, मिशनच्या शाळेने दिले, केहीमकरांनी दिले. आपण कोणाला दिले, असे कोणी विचारल्यास उत्तर तयार असावे.

हे ध्वनिमुद्रण पत्रिकेसाठी जाणार आहे, असे समजले. छापून आल्यावर ते घरातील सर्वांत लहान मुलाकडून वाचून घ्यावे, आणि तो जेथे अडखळेल तेथे थांबून त्याला तो शब्द सांगावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते. शालोम.